घरच्या घरी कोंबडीचे कटलेट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला तुम्हीही चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई, व्यासपीठावर उभे राहायची सवय नाही. पण त्या म्हणाल्या, "तुमच्या हाताला जे येते तेच सांगा." मग प्रश्नच मिटला. आमच्या आळीत माझ्या हातच्या कटलेटांना थोडेसे नाव आहे, तेव्हा मी कटलेटांवर बोलणार आहे. हे कळल्यावर एकदोघींनी नाक मुरडले. वर्धापनदिन आणि कोंबडी! पण भगिनींनो, आपल्या मंडळात निम्म्याहून अधिक घरांत रविवारी कोंबडी शिजते, आणि जिच्या घरी चालत नाही तिच्यासाठी मी सुरणाचेही सांगणार आहे. तेव्हा कोणी उठून जाऊ नये.

कटलेटच का, तर मुलांमुळे. आपल्या लहानपणी कोंबडी म्हणजे रस्सा आणि भाकरी. आता मुलांना कुरकुरीत पाहिजे. मुंबई-गोवा रस्त्यावरच्या हॉटेलांत काचेच्या कपाटात तळून ठेवलेले दिसते, मोबाइलमध्ये तर रोजच दिसते. मागितले नाही तर ती मुले कसली! बाहेरचे एकेक नग घेऊन सहा माणसांचे भागवायचे तर नोट मोडते, आणि कढईतले तेल कालचे की परवाचे ते विचारायची सोय नाही. दुसरा मार्ग गोठवलेल्या पाकिटांचा. मी पाकिटांना सरसकट वाईट म्हणणार नाही. त्यावर आत काय काय आहे ते बारीक अक्षरांत छापलेले असते, ते वाचावे आणि ठरवावे. पण आपल्याकडची अडचण निराळी आहे. पावसात महाडात वीज जाते, आणि पोलादपूरच्या वरच्या अंगाला तर गेली की कधी येईल ते सांगता येत नाही. पाकीट वितळते, वीज आली की पुन्हा गोठते, आणि आत काय झाले ते बाहेरून दिसत नाही. असले मांस मुलांच्या पोटात घालायचे नाही. त्यापेक्षा त्या दिवशीची कोंबडी आणावी आणि त्याच दिवशी संपवावी.

कटलेट हा शब्द मूळचा फ्रेंच. त्या लोकांच्या भाषेत बरगडीला जो शब्द आहे त्यावरून तो आला, कारण बरगडीच्या हाडासकट कापलेल्या तुकड्याला ते कटलेट म्हणत. साहेबांबरोबर ते इकडे आले, आणि पारशी, इराणी, गोवेकर आचाऱ्यांनी आले-लसूण-मिरची लावून त्याला मुंबईत आपलेसे केले. पारशी लोक आधी चुरा लावतात आणि मग अंड्यात बुडवून तळतात, म्हणून त्यांच्या कटलेटाभोवती अंड्याची जाळी होते. जपानात यालाच 'कात्सु' म्हणतात. तो कटलेट शब्दच, जपानी तोंडात बसलेला. १९९३ साली कोकण रेल्वे रोह्याहून आपल्या वीर स्थानकापर्यंत आली, आणि आता गाडीत बसले की कटलेटवाला समोरून जातो. पण ते बहुधा बटाटा, बीट आणि गाजराचे असते. खिम्यात उकडलेला बटाटा घालून वळतात तेही कटलेटच. ते सोपे आहे, आपल्यापैकी बऱ्याच जणी करतात. मी आज सांगणार आहे ते अख्ख्या तुकड्याचे, चपट्या कापाचे.

आणि काप म्हटल्यावर तुमच्या लक्षात आले असेल, की यात आपल्याला नवे असे फारसे नाहीच. सुरणाचे, वांग्याचे काप आपण तिखटमीठ लावून, रवा आणि तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर लालसर करतो. बांगडा, सुरमई तशीच करतो. कटलेट हा त्याच घराण्यातला. मध्ये एक अंडे आले, एवढाच फरक.

आता कोंबडी. माझे माहेर पोलादपूरकडचे, डोंगरातले. दारात खुराडे होते. पाहुणा आला की आजी संध्याकाळी कोंबडी डालून ठेवायची. त्या गावठी कोंबडीच्या रश्शाची सर कशालाच नाही, पण कटलेटाला ती घेऊ नये. ती दिवसभर उकिरडे उकरीत हिंडलेली, तिचे मांस घट्ट. तिला चुलीवर तास-दीड तास पाहिजे. कटलेट विस्तवावर असते पाच-सहा मिनिटे. तेवढ्यात शिजायला कोवळे मांस लागते, आणि ब्रॉयलर कोंबडी पाच-सहा आठवड्यांचीच असते. म्हणून रश्शाला गावठी आणि कटलेटाला ब्रॉयलर, यात कमीपणा काही नाही.

दुकानात "बिनहाडाचे द्या" एवढेच म्हणू नका, तो बारीक फोडी करून देईल. "छातीचे अख्खे द्या, कातडे काढून" असे सांगा. नुसते छातीचे मांस महाग पडते. मी अख्खी कोंबडी घेते. साफ करून दीड किलो भरली तर छातीचे साधारण चारशे ग्रॅम निघते, त्याची सहा-सात कटलेट होतात, आणि तंगड्या, पाठ, हाडे यांचा दुसऱ्या वेळचा रस्सा होतो. भावाचेही सांगून ठेवते. आषाढात गटारीच्या आधी तो चढलेला असतो आणि श्रावण लागला की उतरतो. ज्यांच्या घरी श्रावण पाळत नाहीत त्यांचे फावते. आमच्या घरी पाळतात, त्यामुळे हे ज्ञान मला निरुपयोगी आहे.

धुण्याबद्दल थोडे वादाचे बोलते. आपण कोंबडी नळाखाली खळाखळा धुतो. आता जाणते लोक सांगतात की कच्ची कोंबडी धुऊच नये, कारण तिच्यावरचे जंतू शिंतोड्यांबरोबर ओट्यावर, शेजारच्या भांड्यांवर, चिरलेल्या कोथिंबिरीवर उडतात, आणि मारायला विस्तवच लागतो, पाणी नव्हे. आपल्या मनाला ते पटत नाही हे मला ठाऊक आहे. मलाही न धुता पुढे जाववत नाही. मग निदान पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने धुवा, ओटा मोकळा ठेवा, आणि नंतर ओटा व हात साबणाने स्वच्छ करा. आणि एक गोष्ट मात्र वादाची नाही. ज्या विळीवर कोंबडी कापली त्याच विळीवर नुसती पुसून काकडी-कांदा चिरायचा नाही. कोंबडी शिजणार आहे, काकडी कच्चीच खायची आहे. विळी घासून घ्या, नाहीतर काकडी आधी चिरून ठेवा. विळीला खवणी असेल तर तिचे दाते विसरू नका.

धुतल्यावर मांस कोरडे करा. कटलेट मऊ पडण्याची अर्धी कारणे इथेच असतात. स्वच्छ फडक्याने किंवा कागदी रुमालाने टिपून घ्या, आणि ते फडके लगेच उकळत्या पाण्यात टाका. मग छातीचा तुकडा आडवा चिरून दोन पाने करा. दुधाची रिकामी पिशवी धुऊन, कापून उघडा, तिच्यात पान ठेवा आणि लाटण्याने किंवा बत्त्याने हलके ठोका. कुटायचे नाही, ठोकायचे. सगळीकडे सारखी जाडी आली पाहिजे, आपल्या करंगळीएवढी, म्हणजे सुमारे एक सेंटिमीटर. एक बाजू जाड आणि एक पातळ राहिली तर पातळ बाजू करपते आणि जाड बाजू आत कच्ची राहते.

अर्धा किलो मांसाला चहाचा एक चमचा मीठ, इंचभर आले, आठ-दहा लसूणपाकळ्या, तीन-चार हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, पाव चमचा हळद, थोडी मिरपूड आणि अर्धे लिंबू. वाटण पाणी न घालता गंधासारखे बारीक करा. लसणाचा कण राहिला तर तो तेलात काळा होऊन कडवट लागतो. लिंबू लावून रात्रभर ठेवू नका. अर्धा-पाऊण तास पुरे. फार वेळ ठेवले तर मांसाचा वरचा थर पांढरा, भुसभुशीत होतो. दह्यात मुरवायची पद्धत आहे, पण ती तंदुरीला. कटलेटाला दह्याचे पाणी नडते. आणि हा अर्धा-पाऊण तास मांस फ्रिजमध्ये झाकून ठेवा, ओट्यावर नको.

आता चुऱ्याकडे येते. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण कटलेटाचे सगळे नाव चुऱ्यावर अवलंबून असते, आणि आपल्या हवेत तोच फसवतो. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत डब्यातले मीठ ओले होते, तिथे पावाचा चुरा कोरडा कसा राहणार? म्हणून वाण्याकडचा आयता चुरा पाकीट फोडल्यावर चार दिवसांत दमट झालेला असतो. माझी रीत अशी. दोन दिवसांचे शिळे पाव घ्यायचे, अर्ध्या किलोला पाच-सहा. त्यांना बुरशीचा ठिपका नाही हे आधी बघायचे. हाताने कुसकरून जाड तव्यावर अगदी मंद आचेवर, हलवीत हलवीत, कोरडे करायचे. लाल करायचे नाहीत. कोरडे आणि पांढरेच राहिले पाहिजेत, कारण लाल व्हायचे काम पुढे तेलात होणार आहे. आधीच लाल केलेला चुरा तेलात पडला की काळा होतो आणि आतले मांस मागे राहते. मग मिक्सरमधून एकदाच फिरवायचे. पीठ नको, साबुदाण्याएवढी कणी राहू द्यायची. मोठ्या कणीत हवा राहते आणि तीच दाताखाली वाजते. उन्हाळ्यात हे सगळे उन्हात होते, तव्याची गरज नाही.

बेकरीचा टोस्ट कुटून घेणाऱ्या पुष्कळ आहेत. तो टोस्ट गोड असेल, वेलचीचा असेल, तर घेऊ नका. साखर लवकर जळते. खारी तर नकोच, तिच्यात आधीच इतका वनस्पती तूप असतो की ती आणखी तेल पिते आणि गळून पडते. बिनसाखरेचे कडक बटर चालते. पाव नसेलच, तर पातळ पोहे भाजून चुरडून घ्या, किंवा जाड रव्यात चौथा हिस्सा तांदळाचे पीठ मिसळा. रव्याचे कटलेट कुरकुरीत नव्हे, कडक होते. पण ते जास्त वेळ टिकते. डब्यात द्यायचे असेल तर मी रव्याचेच करते.

तीन ताटल्या मांडा. पहिलीत अर्धी वाटी तांदळाचे पीठ किंवा मैदा, दुसरीत दोन अंडी चिमूटभर मीठ आणि चमचाभर पाणी घालून फेटलेली, तिसरीत चुरा. क्रम बदलायचा नाही. का ते सांगते. ओल्या मांसाला अंडे धरत नाही, ओघळून जाते. कोरडे पीठ मांसावरचा ओलावा पिते, त्या पिठाला अंडे चिकटते, अंड्याला चुरा चिकटतो, आणि तेलात पडल्यावर अंडे शिजून घट्ट होते, तेव्हा ते चुऱ्याला धरून ठेवते. पीठ झटकून टाका, पातळ पापुद्राच राहिला पाहिजे. जाड राहिले तर कवच मांसापासून सुटते. आणि एक हात ओल्याला, एक हात कोरड्याला ठेवा, नाहीतर चार कटलेटांत तुमच्या बोटांचीच कटलेट होतात. चुरा हाताने दाबून बसवा. मग सगळी पाने ताटात एकावर एक न ठेवता मांडून पंधरा-वीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवा. तेवढ्यात वरचे सगळे एकजीव होते. हे चुरा लावायचे काम मुलांना आवडते. माझा मुलगा सातव्या वर्षापासून करतो. तो मुलगा आहे म्हणून मुद्दाम सांगितले. हात मात्र आधी आणि नंतर साबणाने धुवायला लावा.

तळायला कढईच पाहिजे असे नाही. माझ्याकडे आईने दिलेला बिडाचा खोलगट तवा आहे. २०२१ साली २२ जुलैला सावित्रीचे पाणी आमच्या स्वयंपाकघरात शिरले, तेव्हा डबे, पातेली, गॅसची शेगडी सगळे गेले किंवा गाळाने भरले. हा तवा जड म्हणून जागेवर राहिला. घासून, तेल लावून पुन्हा वापरात आहे. त्याच्या जडपणाचा कटलेटाला फायदा होतो. पातळ भांड्यात थंड कटलेट सोडले की तेल एकदम निवते, जाड भांडे ऊन धरून ठेवते. तव्यात बोटभर तेल पुरते, कटलेट अर्धे बुडेल एवढे. मी शेंगदाण्याचे घेते.

तेल किती तापले हे कळायला चुऱ्याचा कण टाका. तो तळाशी जाऊन बसला तर तेल थंड. पडताक्षणी काळा झाला किंवा तेलातून धूर दिसला तर फार तापले. कण लगेच वर येऊन भोवती फेस धरू लागला आणि सावकाश सोनेरी झाला की बरोबर. पुस्तकी आकड्यांत ते १७० ते १८० अंश सेल्सिअस होते. थंड तेलात कटलेट तेल पिते, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. पण घाईच्या वेळी आपण तव्यात चार-पाच एकदम सोडतो आणि तेल आपणच थंड करतो. दोन सोडा, फार तर तीन. एकेका बाजूला अडीच-तीन मिनिटे. सारखे उलटू नका, एकदाच उलटा, उलथन्याने, टोचून नव्हे.

आणि तेलाचा आवाज ऐका. कटलेट पडते तेव्हा जोराने चरचरते. ते त्यातल्या पाण्याची वाफ होऊन बाहेर पडत असते. पाणी कमी झाले की आवाज उतरतो आणि बुडबुडे बारीक होतात. तो उतरलेला आवाज ओळखता आला की घड्याळ लागत नाही. तरी पहिले कटलेट मधोमध कापून बघाच. आत गुलाबी दिसता कामा नये, रस पाण्यासारखा स्वच्छ निघाला पाहिजे. कोंबडीचे मांस आतपर्यंत ७४ अंशांपर्यंत तापले की जंतू मरतात असे सांगतात. आपल्याकडे मोजायला काटा नसतो, म्हणून कापून बघायचे.

तळताना साडीचा पदर खोचा, ढगळ नायलॉनचा गाऊन घालून तळायला उभे राहू नका. तेलाने पेट घेतला तर पाणी ओतायचे नाही; गॅस बंद करायचा आणि वर मोठे झाकण ठेवायचे. झाकण आधीच हाताशी काढून ठेवा.

कटलेट काढून कशावर ठेवायचे? आपल्याकडे वर्तमानपत्रावर. ते बंद करा. छपाईची शाई गरम तेलात उतरते. २०१६ साली अन्नसुरक्षेच्या केंद्रीय प्राधिकरणाने वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत, ठेवू नयेत असे बजावले आहे. त्याच प्राधिकरणाने २०१८ पासून हॉटेलवाल्यांना तेल किती बिघडेपर्यंत वापरायचे त्याचीही मर्यादा घातली आहे. घरात आपला नियम साधा ठेवावा. कटलेटाचे तेल गाळून दोन-चार दिवसांत फोडणीला संपवायचे. काळे, फेसाळ किंवा वासाचे झाले तर टाकून द्यायचे, आणि मोरीत ओतायचे नाही. कटलेटाला उत्तम जागा म्हणजे तारेची जाळी, पापड भाजायची असते तशी, ताटावर आडवी ठेवलेली. कागदावर ठेवले की खालच्या बाजूला वाफ कोंडते. झाकणाच्या डब्यात ठेवले तर विचारूच नका, दहा मिनिटांत पोतेरे होते.

आता, भगिनींनो, ज्याच्यासाठी मी हा विषय घेतला ते सांगते.

कुरकुरीतपणा हा फार थोडा वेळ असतो. आतल्या मांसात पाणी असतेच, ते हळूहळू बाहेर येते आणि कवच मऊ करते. तव्यावरून काढल्यापासून दहा-पंधरा मिनिटांत खाल्ले तर कटलेट, नंतर नुसती कोंबडी. आता आपल्या घरी काय होते ते आठवा. पहिली दोन निघाली की ती सासऱ्यांच्या आणि यजमानांच्या ताटात. पुढची दोन मुलांच्या. मग दीर, मग आलागेला. आम्ही सहा माणसे. बारा कटलेट दोन-दोन करून तळायची म्हणजे बाहेरच्या सगळ्यांना एकेक गरम मिळते आणि तळणारी अर्धा-पाऊण तास धगीपुढे. तिच्या वाटची दोन झाकणाच्या डब्यात. ती बसते सगळ्यांचे झाल्यावर, अडीच-तीनला, उरलेल्या भाताबरोबर. मागे मंडळात मी दहाबारा जणींना कटलेट शिकवली. शिकवून झाल्यावर सहज विचारले, तव्यावरचे गरम कटलेट तुमच्यापैकी कितीजणींनी आपल्या घरात बसून खाल्ले आहे? दोघींनी हात वर केले. त्यातल्या एकीचे लग्न व्हायचे होते.

पुरी, भजी, घावन, काप, सगळ्याची हीच गत. चव बघायला म्हणून तुकडा तोंडात टाकतो तेवढाच. मी याच्यावर भांडण काढले नाही. भांडणाने एक दिवस गरम मिळते, रोज मिळत नाही. मी तळायची रीतच बदलली, ती अशी.

कटलेट दोनदा तळायची. पहिल्यांदा मध्यम तेलात, आतपर्यंत पूर्ण शिजू द्यायची, पण रंग फिका सोनेरीच ठेवायचा. इथे नीट ऐका, अर्धकच्ची काढून ठेवायची नाहीत. अर्धकच्ची कोंबडी नुसती ठेवून देणे धोक्याचे. पूर्ण शिजवून जाळीवर उघडी ठेवायची. हे माणसे जेवायला बसायच्या आधी अर्धा तास उरकते. मग पाने वाढून घ्यायची, भात, आमटी, कांदा-लिंबू सगळे. आपलेही पान वाढायचे. आणि सगळी बसायच्या वेळी दोन शेगड्यांवर दोन तवे, तेल पहिल्यापेक्षा थोडे जास्त तापलेले. एकेका तव्यात तीन-तीन. आतले शिजलेले असल्यामुळे या वेळी तीन सोडली तरी बिघडत नाही. एकेका बाजूला अर्धा मिनिट. बारा कटलेट चार-पाच मिनिटांत होतात. गॅस बंद करायचा, जाळीच उचलून पानांच्या मध्ये आणून ठेवायची, आणि बसायचे. दुसऱ्यांदा तळल्यामुळे कवचातला उरलासुरला ओलावाही जातो, त्यामुळे ती एकदा तळलेल्यापेक्षा जास्त वेळ कुरकुरीत राहतात. म्हणजे बाहेरच्यांचे नुकसान काहीच नाही.

तरी पहिल्या रविवारी यजमान म्हणालेच, "आधी कसे एकेक कढईतून थेट पानात यायचे." मी म्हटले, "यायचे खरे. पाच पानांत यायचे." ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या तव्याशी मात्र हल्ली ते उभे राहतात. त्यांना उलटायला जमते, काढायची घाई होते, शिकतील.

आमच्या सासूबाईंचे सांगते. त्यांनी चाळीसएक वर्षे याच घरात तळण तळले. त्या दिवशी त्यांनी माझ्या शेजारी बसून कटलेट मोडले, तोंडात घातले, आणि थांबल्या. मला वाटले, दाताला लागले. म्हणाल्या, "अगं, हे वाजतंय की!" मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "माझ्या हातच्या पुऱ्या फुगतात असं सगळे म्हणायचे. माझ्या पानात कधी फुगलेली आली नाही." एवढेच म्हणाल्या आणि दुसरे कटलेट घेतले. तेव्हापासून आमच्याकडे पुऱ्यांच्या दिवशीही दोन शेगड्या पेटतात. पुरी दोनदा तळता येत नाही, म्हणून तिथे पाळी लावली आहे. निम्म्या पुऱ्या झाल्या की तळणारी बदलते.

सुरणाचे राहिले. सुरण सोलताना हाताला तेल लावा. बोटभर जाडीचे काप करून मीठ, हळद आणि कोकमाच्या किंवा चिंचेच्या पाण्यात उकडून घ्या, म्हणजे खाजत नाही. पूर्ण निथळू द्या, टिपून घ्या. अंड्याच्या जागी मैद्याची पातळ पेज करा, ताकापेक्षा किंचित दाट, बाकी पीठ, पेज, चुरा हाच क्रम. सुरण आधीच उकडलेला असल्यामुळे एकदा तळले तरी पुरते. तवा आणि तेल मात्र वेगळे ठेवावे, पाळणाऱ्या घरांचा मान राहतो.

कटलेटाबरोबर पुदिना-कोथिंबिरीची चटणी, उभा चिरलेला कांदा आणि लिंबू. उरलीच तर दुसऱ्या दिवशी फ्रिजमधून काढून तव्यावर कोरडी, मंद आचेवर चांगली गरम करा. पावात घालून मुले नेतात.

बोलणे लांबले. मागच्या पडवीत दोन शेगड्या मांडल्या आहेत. एकीवर कोंबडीची, पहिली तळणी झालेली चाळीस कटलेट जाळीवर तयार आहेत. दुसरी सुरणाची, तिचा तवा, तेल आणि उलथने निराळे आहे. तळणाऱ्यांची नावे चिठ्ठ्या टाकून काढली आहेत, आणि दर पाच मिनिटांनी जोडी बदलायची आहे. पहिल्या चिठ्ठीत अध्यक्षीणबाईंचे नाव निघाले आहे, तेव्हा त्यांनी आता पदर खोचावा.